माल्कमचा यशस्वी पाय

हल, ९ जानेवारी

प्रिय कॉलिन,

तुझं नाताळाचं कार्ड मिळालं. तुझी तब्येत बरी असेल, असं लिहायला घेतलं होतं. पण ती बरी नाही हे तूच कळवलं आहेस, तेव्हा ते राहू दे. मी ठीक आहे. थंडीत गुडघा कुरकुरतो, बाकी तक्रार नाही. कोपऱ्यावरचं मासे-चिप्सचं दुकान विकलं गेलं. नवा मालक बटाट्याची तळलेली पॅटी बनवतो ती नुसती उकडलेल्या बटाट्यासारखी लागते. मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही हेसल रोडच्या मच्छीमारांच्या बायका नवऱ्याला पण अशाच बोलता का?" मी म्हटलं, नवरा असता तर तुझ्याशी कशाला बोलले असते.

तुझ्या ब्रिडलिंग्टनला वारा इथल्यापेक्षा जास्त असेल. घराबाहेर पडू नकोस, असं सांगणार होते, पण तुला चालवतच नाही म्हणतोस.

तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. कार्डावर बर्फातला रॉबिन पक्षी आणि खाली तुझ्या त्या चार ओळी: अंगठा काळा पडलाय, पायाला रक्त पोचत नाही, डॉक्टर म्हणतात एक तर मांडीतली शीर काढून पायात जोडून बघू, नाही तर गुडघ्याखाली पाय काढू. निर्णय माझ्यावर टाकलाय. आपल्या माल्कमचं ते शीर जोडायचं ऑपरेशन यशस्वी झालं होतं ना? मी काय करू, ग्लेन?

कागदावरचं विचारशील तर हो, यशस्वी झालं होतं.

तुला आठवत असेल, तुझ्या भावाला, माल्कमला, एका मोठ्या अभ्यासात घेतलं होतं. देशभरातले शेकडो पाय. अर्ध्यांची शीर जोडली, अर्ध्यांच्या रक्तवाहिनीत फुगा घालून ती रुंद केली. तो अभ्यास गेल्या वर्षी संपला. आभाराचं पत्रक आलं. त्यात लिहिलं होतं की ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हा इतके रुग्ण जिवंत होते आणि त्यांचा पाय शाबूत होता. माल्कम वर्षाच्या वर दोन महिने जगला, म्हणजे तो त्या चांगल्या आकड्यात बसला. मी ते पत्रक दोनदा वाचलं आणि लायब्ररीत गेले. तिथली बाई मला आता ओळखते. ती असले लेख छापून देते आणि मी शब्दकोश जवळ घेऊन बसते. माल्कम हसायचा माझ्या वाचनाला. "ही बाई औषधाच्या बाटलीवरचं पण शेवटपर्यंत वाचते," म्हणायचा. कोणीतरी वाचायला हवं.

वाचल्यावर एवढं कळलं, की हे अभ्यास करणारे लोक प्रत्येक जण वेगळंच काहीतरी मोजतात. कोणी जोडलेली शीर उघडी, वाहती राहिली का ते बघतं, कोणी माणूस किती लांब चालला ते, कोणी नुसता मेला की जगला एवढंच. मग एकाचं दुसऱ्याशी ताडून बघताच येत नाही. म्हणून आता काही डॉक्टरांनी ठरवलंय की सगळ्यांनी मिळून एकच यादी करायची: अशा पायांचा अभ्यास करणाऱ्याने निदान एवढ्या गोष्टी मोजल्याच पाहिजेत. त्यासाठी रुग्ण हवेत, आणि रुग्णांच्या घरचे. मी नाव दिलंय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देईन. आज नाही. पण सही करायच्या आधी मला कळव. एवढं मात्र नक्की कर.

तुझी,
ग्लेनिस सडबी


हल, १४ मार्च

प्रिय कॉलिन,

पत्र पोचलं. "कोड्यात बोलू नकोस, ग्लेन, हो की नाही तेवढं सांग," असं लिहिलंयस. तू नेहमीच असा. माल्कम गाडी वळवायच्या आत तू हॉर्न वाजवायचास. अंगठ्याचा वास येतो म्हणतोस. खिडकी उघडी ठेव आणि मोजे सुती घाल. सिगारेट सुटली हे वाचून बरं वाटलं, चाळीस वर्षं उशीर झाला तरी.

काल लीड्सला त्या यादीची बैठक झाली. तुला ती सांगते, कारण तुझं उत्तर तिच्यातच आहे.

आधी दोन फेऱ्या झाल्या होत्या, लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर. समोर पन्नासएक गोष्टी, प्रत्येकीला एक ते नऊ गुण द्यायचे. नऊ म्हणजे ही मोजलीच पाहिजे. शेवटी एक रिकामी चौकट होती: आमच्याकडून काही राहिलं असेल तर लिहा. मी लिहिलं, 'माणूस आपल्या पलंगावर बायकोशेजारी आडवा झोपू शकतो का.' दुसऱ्या फेरीत ते परत आलं, तेव्हा त्याचं 'झोपेची गुणवत्ता' झालं होतं. जसं काही माल्कमला गादी टोचत होती.

बैठकीत टेबलाच्या एका बाजूला सर्जन, नर्सा आणि अभ्यासवाले, दुसऱ्या बाजूला आम्ही. प्रत्येकाच्या हातात एक छोटं बटणाचं यंत्र. एखादी गोष्ट यादीत जायची तर दोन्ही बाजूंनी, आपापल्यात, दहातल्या सात जणांनी तिला वरचे गुण द्यायला हवेत. एक बाजू कमी पडली की गोष्ट पडली. डॉ. फिलिपा नावाची तरुण बाई सगळं चालवत होती. चांगली आहे. सँडविच मात्र पुठ्ठ्याचे होते.

'पाय गमावणं' हे पहिल्याच फटक्यात पास झालं. दोन्ही बाजूंनी. कोणी तोंडसुद्धा उघडलं नाही. म्हणजे पाय गेला की वाईट, राहिला की चांगलं, यावर सगळ्यांचं एकमत.

माझ्या शेजारी बेरिल एस्क्रीट होती, ग्रिम्सबीची, चाकाच्या खुर्चीत. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. ती म्हणाली, "एक मिनिट हं. माझा पाय त्या वाईटमध्ये मोजणार का?"

मिस्टर लेथम म्हणून एक सर्जन आहेत, उंच, हळू बोलणारे. ते म्हणाले, "मिसेस एस्क्रीट, पाय वाचवणं हाच तर उपचाराचा हेतू असतो."

"तुमचा असेल," बेरिल म्हणाली. "माझा हेतू झोपायचा होता. पाय कापला त्या रात्री मी अशी झोपले, की सकाळी उठल्यावर वाटलं आपण मेलो आणि कोणी सांगितलंच नाही."

सगळे हसले. मिस्टर लेथमसुद्धा. मी नाही हसले.

मग माझ्या त्या झोपेचा मुद्दा आला. फिलिपाने मला बोलायला सांगितलं. मी फार बोलले नाही. एवढंच सांगितलं, की ज्या माणसाच्या पायाला रक्त पोचत नाही त्याला आडवं होता येत नाही. आडवं झालं की पायात आग पेटते. पाय खाली लोंबता ठेवला तर जरा रक्त उतरतं. म्हणून तो खुर्चीत बसतो. रात्रभर. मग बसून बसून पाय सुजतो आणि जखम भरत नाही. माझा नवरा शेवटचे चौदा महिने पुढच्या खोलीतल्या खुर्चीत झोपला, आणि झोपला हा शब्दसुद्धा उगाच. त्याची जोडलेली शीर शेवटपर्यंत उघडी होती. दर वेळी नर्स त्यावर जेल लावून ती धडधड मशीनवर ऐकवायची आणि म्हणायची, "मस्त चाललीय, माल्कम!" टाचेची जखम कधी भरली नाही.

मिस्टर लेथम म्हणाले, "हे मोजायला हवं, खरंच." मग मत झालं. डॉक्टरांच्या बाजूने पास.

आमच्या बाजूने पडलं. दोन मतांनी.

समोर नॉर्मन ब्लेंकिन म्हणून एक बसवाला होता, निवृत्त. त्याची फक्त पोटरी दुखते, चालताना. तो ओशाळून म्हणाला, "रागावू नका बाई, मी तर लाकडासारखा झोपतो. मला आपलं माझ्या भाजीच्या वाफ्यापर्यंत चालत जाता यायला हवं." त्याचं काय चुकलं? चालणाऱ्यांना चालणं हवं. ते जास्त होते, कारण लीड्सपर्यंत येणं बहुतेक त्यांनाच जमलं. बाकीचे खुर्च्यांत बसलेत, किंवा माल्कमच्या शेजारी. त्यांच्या हातात कोणी बटण दिलं नाही.

फिलिपाने मला जाताना समजावलं, की झोप काही पुसली नाही, 'जीवनमान' या मोठ्या मथळ्याखाली ती येतेच. मी म्हटलं, "हो, माझा नवरा पण एका मोठ्या मथळ्याखालीच आहे, दगडात कोरलेल्या." तिने माझा हात धरला. मी सोडवून घेतला. तिची चूक नव्हती, पण त्या वेळी मला कोणाचा हात नको होता.

तर हे तुझं उत्तर. ते ऑपरेशन यशस्वी झालं होतं, आणि ते असं होतं.

अजून एक गोष्ट आहे. ती लिहायला बसले की मी उठून चहा करते. आज तीनदा झालं.

ग्लेनिस


हल, २ एप्रिल

कॉलिन,

तू फोन केलास आणि मी ठेवून दिला. तू ओरडत होतास म्हणून नव्हे. तू रडत होतास म्हणून. मला ते ऐकायचं नव्हतं. माझ्यावर रडायची वेळ आली तेव्हा तू होतास कुठे?

"मला कोणी का सांगितलं नाही?" हे तू विचारलंस. त्याचं उत्तर लिहून देते, म्हणजे परत परत बोलायला नको.

माल्कमने पाय कापायला संमती दिली होती. हे तुला माहीत आहे. तो शुक्रवार होता. पहिल्या फुग्याचा उपयोग झाला नव्हता. सर्जन म्हणाले होते, शीर जोडून बघता येईल, पण पावलातल्या बारीक रक्तवाहिन्या वाईट आहेत, खात्री नाही. माल्कम म्हणाला, "काढा. मला झोपायचंय." त्याने सही केली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच हसला होता.

रविवारी तू आलास. द्राक्षं आणलीस. वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, "काय रे, एका पायावर घरी येणार? बाबांची आइसलंडच्या थंडीत बोटीवर पायाची बोटं गळाली तरी ते चालत घरी आले. सडबीचा माणूस दोन पायांवर येतो आणि दोन पायांवर जातो. अर्धा होऊन क्लबात आलास तर तुझ्या खुर्चीवर मी दुसऱ्याला बसवीन, सांगून ठेवतो." पलीकडच्या कॉटवरचा म्हातारा हसला. माल्कमही हसला. तू त्याच्या केसांतून हात फिरवलास. तू प्रेमाने बोललास. मला ते कळत नाही असं समजू नकोस. तुम्हा भावांना दुसऱ्या कुठल्या भाषेत प्रेम करता येत नव्हतं.

सोमवारी सकाळी त्याने सर्जनला सांगितलं, ती सही फाडा, शीर जोडा. त्याच दुपारी त्याला त्या अभ्यासात घेतलं, आणि चिठ्ठी शीर जोडण्याचीच निघाली.

पुढचं तू बघितलं नाहीस, कारण त्याने तुला बघू दिलं नाही. तू येणार असलास की तो तासभर आधी गोळ्या घ्यायचा, दाढी करायचा आणि पाय स्टुलावर ठेवून ब्लँकेट ओढायचा. तू म्हणायचास, "बघ, म्हटलं नव्हतं?" तो म्हणायचा, "तूच खरा, कॉल." तू गेलास की पाय खाली सोडायचा आणि खुर्चीचा हात असा आवळून धरायचा, की तिथलं कापड फाटलं. मी एकदा म्हटलं, "मी आत्ता फोन करते त्याला आणि सांगते." माल्कम म्हणाला, "नको, ग्लेन. त्याला वाटतं त्याने माझा पाय वाचवला. एवढं राहू दे त्याच्याकडे."

मी शब्द दिला.

त्याच्या दफनानंतर हॉलमध्ये, हॅम आणि लोणच्याच्या ताटांमध्ये उभा राहून, तू पेला उचललास आणि म्हणालास, "काही म्हणा, आपला माल्कम दोन्ही पायांनिशी गेला." सगळ्यांनी पेले उचलले. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. लोकांना वाटलं दुःखाने. त्यानंतर मी तुझ्याशी बोलले नाही, आणि तुला वाटत असेल की ही बाई विचित्र आहे. राग येत होता तो सांगताही येत नव्हता, कारण शब्द दिलेला.

तीन वर्षं ते तुझ्याकडे राहू दिलं. आता परत घेते आहे. माल्कमला आवडणार नाही. पण त्याचा तो पाय आता तुझ्या अंगाला लागलाय, आणि तू मला विचारतोस ते यशस्वी झालं होतं ना.

तुझी शीर जोडून चांगलीही निघेल. कितीतरी लोकांची निघते, मी वाचलंय. तुझ्या पावलातल्या रक्तवाहिन्या माल्कमपेक्षा बऱ्या असतील तर सर्जनचं ऐक. पाय काढच असं मी सांगत नाही. मी एवढंच सांगते: त्यांना विचार, पाय राहील का हे नको, मी आडवा झोपेन का हे विचार. आणि ते उत्तर देत असताना क्लबातली कुठलीही खुर्ची डोक्यात आणू नकोस.

हे वाचून तू जे करायचं ते कर. मला उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

ग्लेनिस


हल, २३ मे

प्रिय कॉलिन,

तुझं पत्र आलं. छोटं लिहितोस हे बरं. तू विचारलंस आणि सर्जन म्हणाले, "खरं सांगायचं तर तसं कोणी मोजलेलंच नाही, मिस्टर सडबी, माझ्याकडे आकडा नाही." आणि तरी त्यांनी पावलाचे फोटो परत लावून दाखवले, की खाली रक्त न्यायला फारसं काही उरलेलं नाही. असा माणूस माल्कमला भेटला असता तर, असं मी लिहिणार नाही. माल्कमलाही भेटला होता. माल्कमला तू पण भेटलास.

तू सही केलीस. सोमवारी गुडघ्याखाली. क्लबात कोणालाच सांगितलं नाहीस म्हणतोस. सांग. हसतील ते हसू देत.

यादी छापून आली. फिलिपाने सगळ्यांना पाठवली, वर नावं आहेत, त्यात माझंही आहे, शेवटून तिसरं. यादी चांगली आहे. खरंच सांगते, पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली. वेदना आहेत तिच्यात, जखम भरणं आहे, चालणं आहे, जीवनमान आहे. नॉर्मनला आपलं चालणं मिळालं. झोप वेगळी नाही. पाय गमावणं जिथे होतं तिथेच आहे, वरून दुसरं.

म्हणजे असं आहे बघ. उद्या कोणी हिशेब मांडला, तर माल्कम चांगल्या बाजूला आणि तू वाईट बाजूला. खुर्चीचा हात फाटेपर्यंत धरून बसलेला माणूस यशस्वी, आणि तू, देवाच्या मनात असेल तर, पाठीवर पसरून घोरणार, तू अपयश. हे वाचून मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

तुला माफ केलंय का, हे तू विचारलं नाहीस. बरं केलंस. नाही केलं. तुझं वय झालं, माझंही झालं, मला वाटत नाही ते आता जमेल. जे तू बोललास ते बोललास. आणि त्याने ऐकलं, तो त्याचा भाग. तो मेला म्हणून त्याचा भाग मी तुझ्यावर टाकणार नाही. तेवढा हिशेब मला येतो.

तू घरच्यांच्या रकान्यात माझं नाव लिहिलंयस म्हणे. हॉस्पिटलमधून फोन आला होता, विचारायला, की मी तुझी कोण. मी भावजय म्हणून सांगितलं. फोनवरच्या बाईने विचारलं, "जवळचं दुसरं कोणी?" मी म्हटलं, नाही.

सोमवार माझा धुण्याचा दिवस. तुझी आई, तुझे बाबा बोटीवर निघायचे त्या दिवशी बादलीला हातसुद्धा लावू द्यायची नाही कोणाला. त्या दिवशी धुणं काढलं तर माणूस वाहून जातो, म्हणायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे खुळं वाटायचं. माल्कम मासेमारीला समुद्रावर जायचा तेव्हा मात्र मीही पाळलं. त्याच्या ऑपरेशनच्या दिवशी मी चादरी धुतल्या. कशाला, कोणास ठाऊक. हातांना काम हवं होतं.

या सोमवारी धुण्याचं मशीन बंद राहील.

माल्कमची बायको,
ग्लेन